गोदावरीचा पूर आणि समुद्राचा सामू: यानमच्या खाडीचं प्रकरण

आमच्या परभणी-नांदेड पट्ट्यात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. 'गंगेला पाणी आलं का?' हा पावसाळ्यातला रोजचा प्रश्न. नांदेड सोडून ती तेलंगणात शिरली की आमच्या बोलण्यातून आणि बातम्यांतूनही निघून जाते. तिकडे खाली भद्राचलमच्या घाटावर लोक फूट मोजत बसतात: ४३ फुटांना पहिला इशारा, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पाणी ७५.६ फुटांवर गेलं होतं. त्या सगळ्या पाण्याचं पुढे समुद्रात काय होतं, हे मात्र इकडेही कुणी विचारत नाही आणि तिकडेही फारसं कुणी नाही.

मी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. सामू (म्हणजे पीएच; आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब हे शब्द दिवसभर तोंडात असतात. म्हणून गोदावरीच्या मुखाजवळच्या यानमच्या खाडीतला एक आकडा वाचनात आला तेव्हा तो मी तीनदा वाचला. आकडा होता ३०,०००.

हा आकडा पाण्यात विरघळलेल्या कर्बवायूच्या दाबाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, एकक मायक्रोअॅटमॉस्फिअर. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातले डॉ. व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोदावरीच्या खाडीवरचं हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या सुमारास हवेतला कर्बवायू याच मापात ३९० च्या आसपास होता. म्हणजे पाणी हवेशी समतोलात असेल तर पाण्यातला दाबही तेवढाच हवा. उन्हाळ्यात गोदावरीच्या खाडीत तो ५०० च्या आतच होता. पुराच्या ऐन भरात तो ३०,००० पर्यंत गेला, हवेच्या पंचाहत्तर पटींपेक्षाही जास्त. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जसा वायू सुटतो तसा तो या पाण्यातून सुटत असतो. फक्त खाडी रुंद आणि संथ असल्यामुळे फसफस दिसत नाही.

आधी जागा समजून घेऊ. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम, १,४६५ किलोमीटरचा प्रवास, ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं खोरं, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला नदी अडवली आहे. सर आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केलेल्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी आता नवं बॅरेज आहे. तिथून खाली नदी फुटते. वसिष्ठ गोदावरी एकीकडे जाते, आणि गौतमी गोदावरी यानमवरून काकीनाड्याच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. गौतमीच्या मुखाजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, आणि उत्तरेला काकीनाड्याचा उथळ उपसागर. तिथल्या चिखलात शिंपले मुबलक. ते खाण्यासाठी काढले जातात आणि त्यांच्या कवचांचा चुना भाजला जातो. शिंपल्यांचा चुना कोकणालाही नवा नाही. या चुन्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

ही खाडी वर्षातून दोन वेगळ्या खाड्यांसारखी वागते. कोरड्या महिन्यांत बॅरेजमधून खाली गोडं पाणी जवळजवळ येत नाही, ते कालव्यांनी भातशेतीला जातं. मग समुद्र भरतीबरोबर आत घुसतो आणि यानमचं पाणी खारट होतं. जूनअखेरीला दरवाजे उघडले की काही दिवसांत समुद्राला मुखाबाहेर ढकलून खाडी वरपासून खालपर्यंत गोडी आणि गढूळ होते. ऐन पुरात पाणी इथे थांबतच नाही. वरून आलेलं तसंच्या तसं समुद्रात जातं. म्हणून त्या दिवसांत नदी समुद्राला नेमकं काय देते, हे पाहायला ही जागा फार चांगली आहे.

इथे आपली गल्लत होते. 'नदी कर्ब, म्हणजे कार्बन, आणते' एवढंच म्हटलं तर ते अर्धवट राहतं, कारण नदी दोन तऱ्हेचा कर्ब आणते आणि त्या दोन्हींचं काम एकमेकांच्या उलट आहे.

पहिला कर्ब खडकाच्या झिजेतून येतो. नाशिकपासून नांदेडपर्यंतचा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पावसाच्या पाण्यातल्या आणि मातीतल्या कर्बवायूमुळे हळूहळू विरघळतो. यात कर्बवायू वापरला जातो आणि त्याचं बायकार्बोनेट होऊन ते पाण्यात उतरतं. सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही येतं. विहिरीच्या पाण्याने पातेल्याला बसणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. हे बायकार्बोनेट आम्ल पचवतं. शास्त्रात याला अल्कलिनिटी म्हणतात. मी शेतकऱ्यांना समजावताना 'पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद' म्हणतो. दख्खनचा पठारी दगड हजारो-लाखो वर्षं हवेतला कर्बवायू असा बांधून समुद्राकडे पाठवत आला आहे. या बाजूने पाहिलं तर गोदावरी समुद्राला उतारा देते.

दुसरा कर्ब मातीतून येतो. पानं, मुळं, शेण, कुजका पाला, आणि चिखलाच्या कणाकणाला चिकटलेला सेंद्रिय कर्ब. माती परीक्षणाच्या पत्रिकेत ज्याच्यापुढे आम्ही बहुतेक वेळा 'कमी' असा शेरा मारतो तोच हा. मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेत कर्बवायू बाहेरच्या हवेपेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो, कारण मुळं आणि जिवाणू तिथे सतत श्वास घेत असतात. पहिला दमदार पाऊस मातीतून झिरपताना हा वायू घेऊनच ओढ्यात येतो. वाहून आलेला पालापाचोळा आणि माती नदीत आणि बंधाऱ्यामागे कुजते, त्यातून आणखी कर्बवायू निघतो. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. त्यामुळे तो वायू खाऊन टाकणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे प्लवकांना, त्या दिवसांत काही करता येत नाही. कुजणं चालू आणि प्रकाशसंश्लेषण बंद, अशी ही अवस्था.

हा फरक घरी पाहता येतो. चुन्याची निवळी भरपूर पाणी घालून पातळ करायची, काचेच्या ग्लासात घ्यायची आणि नळीने तिच्यात फुंकायचं. निवळी दुधाळ होते, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शाळेत आपण तिथेच थांबतो. न थांबता आणखी बराच वेळ फुंकत राहा. दुधाळपणा ओसरायला लागतो आणि ग्लास परत स्वच्छ होतो. आधी तयार झालेला चुनखडीचा पांढरा कण जास्तीच्या कर्बवायूने विरघळून गेला. शिंपल्याचं कवच म्हणजे तोच पांढरा कण. मी प्रयोगशाळेत येणाऱ्या मुलांना हे करून दाखवतो. फुंकून फुंकून दमलेला मुलगा ग्लासाकडे बघतो आणि म्हणतो, 'सर, गेलं कुठं?' समुद्राच्या आम्लीकरणाचा माझ्या माहितीतला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

आता यानमच्या आकड्याचं गणित मी हाताने करून पाहिलं, ते इथे देतो. पुराच्या पाण्यात लिटरमागे १,५०० मायक्रोमोल बायकार्बोनेट आहे असं गृहीत धरा आणि पाण्याचं तापमान २८ अंश धरा. हे पाणी हवेशी समतोलात, म्हणजे ४०० च्या आसपासच्या दाबाला असेल, तर त्याचा सामू येतो ८.४. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.१ च्या आसपास असतो, म्हणजे नदी समुद्राहूनही कमी आम्ल. आता त्याच पाण्यात, बायकार्बोनेटचा एक कणही कमी न करता, कर्बवायूचा दाब ३०,००० करा. सामू उतरतो ६.५ वर. सामूचं माप दसपटीचं आहे: एक अंक उतरला की आम्लता दहापट. जवळजवळ दोन अंकांची ही घसरण फक्त विरघळलेल्या वायूची आहे.

हे पाणी समुद्रात मिसळलं की काय होतं? वाटेत वायू उडून गेला नाही असं धरून हिशोब केला, तर अर्धं नदीचं आणि अर्धं समुद्राचं पाणी मिळून सामू ६.७ च्या आसपास राहतो. मला वाटलं होतं समुद्र निम्मं तरी सावरेल. चौथा हिस्साच नदीचं पाणी असलं तरीही सामू ७.३ ते ७.४ एवढाच वर येतो. प्रत्यक्षात वाऱ्याने आणि लाटांनी बराच वायू उडतो, त्यामुळे उघड्या समुद्रात एवढी घसरण टिकत नाही. माझं गणित म्हणजे वाईटात वाईट बाजू, मोजमाप नव्हे. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते: मिसळण्याच्या प्रमाणात सामू सरळ रेषेत वर येत नाही. पुराचं थोडं पाणीही समुद्राची बरीच ताकद खाऊन टाकतं.

आणि कॅल्शियमची गोष्ट वेगळीच. समुद्राच्या एका लिटरमध्ये ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं, नदीच्या पाण्यात दहा-वीस-तीस मिलिग्रॅम. कवच बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात. पुरात दोन्ही पातळ होतात, आणि उरलेलं कार्बोनेट कर्बवायू गिळतो. म्हणजे सामू अगदी जागेवर राहिला असता तरी शिंपल्याला पूर जडच गेला असता. किनाऱ्याच्या आम्लीकरणावर लिहिताना फक्त सामूचा आकडा देणाऱ्यांवर माझा राग आहे तो याच कारणासाठी.

सप्टेंबर सरतो, पाणी ओसरतं, गाळ खाली बसतो. मी पुरानंतरचं पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरून खिडकीत ठेवून पाहिलं आहे. पहिल्या तासात तळाला जाड थर बसतो, पण वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचं दिसतं. बारीक चिकणमाती सहज बसत नाही. खाडीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं, आणि खारं पाणी परत आत आलं की मिठामुळे ही चिकणमाती गोळा होऊन लवकर बसते. पाणी निवळलं की ऊन आत जातं. नदीने आणलेलं नत्र आणि स्फुरद तिथे तयारच असतं, प्लवकांची भरघोस वाढ होते आणि कर्बवायू खाली येतो. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी वायू ओकणारी खाडी तीच, पाणीही दिसायला तेवढंच. डिसेंबरात एकदा जाऊन नमुना घेणाऱ्याला इथे काहीच घडलेलं दिसणार नाही.

समुद्रात गेलेल्या पाण्याचा माग काढणं याहून अवघड. बंगालच्या उपसागरात इतक्या नद्यांचं गोडं पाणी येतं की वरचा थर हलका होऊन खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, दोन्ही सहज मिसळत नाहीत. मोठी संशोधन जहाजं किनाऱ्याच्या इतक्या जवळ, इतक्या वेळा जात नाहीत. यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. पूर्व किनाऱ्यावर ठिकठिकाणच्या मच्छीमारांना बाटल्या दिल्या गेल्या आणि त्यांनी दर काही दिवसांनी समुद्राचं पाणी भरून दिलं. त्या बाटल्यांच्या खारटपणावरून दिसलं की पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याचा साधारण शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे सरकत जातो. २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला 'समुद्रातली नदी' असंच म्हटलं. गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी या वाटेने आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत येतं. ज्या माणसाचा संसार त्या पाण्यावर चालतो त्यानेच ते भरून द्यावं, यात मला मोठी गोष्ट वाटते.

याच किनाऱ्यावर सर्मा यांच्या गटाने आणखी एक पाहणी केली, ती २०१२ मध्ये आली. पावसाळ्यात उत्तरेकडे, उत्तर भारतातल्या गंगेच्या पाण्याच्या प्रभावाखालचा समुद्र हवेतून कर्बवायू घेत होता. दक्षिणेकडे, गोदावरी-कृष्णेसारख्या द्वीपकल्पी नद्यांच्या प्रभावाखाली, समुद्र हवेला कर्बवायू देत होता. एकच उपसागर, एकच मोसम, आणि निकाल उलटा. नदीचं पाणी म्हणजे आम्ल किंवा नदीचं पाणी म्हणजे उतारा, असं कुणी सरसकट सांगत असेल तर त्याला हे उदाहरण द्यावं. कोणत्या खडकावरून, कोणत्या मातीतून, किती दिवस थांबून पाणी आलं, यावर सगळं ठरतं. गंगा बारमाही वाहते, आणि हिमालयातल्या चुनखडीवरून येताना ती भरपूर बायकार्बोनेट घेते. आपल्या नद्या पावसाळी. वर्षभराचं वाहणं त्यांच्यात तीन-चार महिन्यांत उरकतं. म्हणजे मातीतला साठलेला कर्ब एकदम येतो, आणि नेमकं त्याच वेळी पाणी इतकं जास्त असतं की दगडातून आलेलं बायकार्बोनेट पातळ झालेलं असतं. पुराच्या दिवसांत आम्ल दाट आणि उतारा पातळ. यानमच्या आकड्याचं सार मला तरी एवढंच दिसतं.

मग याला माणसाने केलेलं आम्लीकरण म्हणायचं का? यावर मी बराच विचार केला आहे. पूर आणि त्याच्याबरोबरचा कर्ब गोदावरी आहे तेव्हापासूनचा. काकीनाड्याचे शिंपले पिढ्यान्‌पिढ्या हा धक्का सोसत आले आहेत. पण तीन गोष्टी बदलल्या आहेत आणि तिन्ही आपल्या आहेत.

पहिली फार जुनी. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत गेल्या सुमारे ४,००० वर्षांत दख्खनच्या मातीचं प्रमाण वाढलेलं दिसतं. हवामान कोरडं होत होतं आणि पठारावर शेती पसरत होती, त्याच काळातली ही खूण आहे. प्रवरेकाठची जोर्वे आणि दायमाबाद ही गावं याच काळातली. म्हणजे संगमनेरच्या परिसरात जमीन कसायला लागलेल्या लोकांच्या शेताची माती बंगालच्या उपसागराच्या तळाशी नोंदली गेली आहे.

दुसरी गोष्ट धरणांची. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्रात नेत होती. २००० नंतर तो ६ कोटी टनांच्या आसपास आला. जायकवाडीपासून खाली जागोजागी तो अडतो. गाळ कमी म्हणजे त्याच्याबरोबरचा कर्ब कमी, मग चांगलंच झालं की, असं वाटेल. पण अडलेल्या पाण्यात कर्ब कुजून वायू होतो, आणि वायू गाळासारखा भिंतीमागे बसून राहत नाही. शिवाय खाली मुखाजवळ गाळ न पोचल्याने किनारा खचतो, खारफुटीची जमीन जाते, आणि कर्ब धरून ठेवणारी ती जागाच आक्रसते.

तिसरी गोष्ट खताची. ऊस, कापूस आणि खालच्या भातशेतीतलं नत्र नदीवाटे समुद्रात जातं. त्यावर प्लवक वाढतात, वर सामू चढतो आणि सगळं छान दिसतं. मग ते मरून तळाला जातात, कुजतात, ऑक्सिजन संपतो आणि खालच्या पाण्याचा सामू उतरतो. मिसिसिपीच्या मुखासमोर मेक्सिकोच्या आखातात आणि चीनच्या यांगत्सेपुढे नेमकं हेच होतं असं वेइ-जुन त्साय या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्येच दाखवलं. शिंपले आणि खेकडे राहतात तळाशी, आणि पाणी आपण भरतो वरून.

या तिन्हींवर हवेतल्या वाढत्या कर्बवायूचं ओझं पडतं. उद्योगयुगापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. पुराच्या दोन अंकांपुढे हे किरकोळ वाटतं. पण पूर काही आठवड्यांनी ओसरतो, हे ओझं ओसरत नाही. पूर सोसून शिंपला ज्या पाण्यात पुन्हा अंग सावरतो, त्या पाण्याचीच ताकद दरवर्षी थोडी कमी होत चालली आहे.

मोजणीबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे, कारण ते माझं रोजचं काम आहे. पाण्याचा सामू काठावर, बाटली भरल्याभरल्या घेतला तर एक येतो आणि प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी घेतला तर दुसरा. वायू उडालेला असतो किंवा बाटलीत जिवाणूंनी आणखी केलेला असतो. पुराच्या पाण्याचा सामू काठावर ६.९ आणि टेबलावर ७.८ असा मी स्वतः घेतला आहे. वहीत जातो तो टेबलावरचा. एका कार्यालयाला मी हे दोनदा लिहून कळवलं, उत्तर आलं नाही. खरी पद्धत अशी: बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, जिवाणू मारायला मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे, ग्रीस लावलेलं काचेचं बूच घट्ट बसवायचं. आणि सामूबरोबर अल्कलिनिटीही मोजायची. दोन आकडे हातात असले की तिसरा, म्हणजे कर्बवायूचा दाब, गणिताने निघतो. एकट्या सामूवरून तो काढता येत नाही. बाटलीमागे पाच मिनिटं जास्त जातात.

यानमला पाणी नांदेडहून किती दिवसांनी पोचतं हे मी एकदा सहकाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, पूर असेल तर थोड्या दिवसांत, उन्हाळ्यात असेल तर कधीच नाही. या जुलैत आमच्या घाटावर पहिला गढूळ लोंढा आला त्या सकाळी मी दोन बाटल्या बुडबुडा न ठेवता भरल्या आणि तिथेच पायरीवर बसून सामू घेतला. ७.०. शेजारी एक आजी डोक्यावर पदर घेऊन गंगेला हळदकुंकू वाहत होत्या. त्यांनी विचारलं, 'काय बघता बाळा पाण्यात?' मी सांगितलं, आपल्या शेतातली माती किती चालली ते. त्या म्हणाल्या, 'आमची तर बांधासकट गेली औंदा.'